डेव्ह आमदार झाला तेव्हा

न्हावऱ्याहून जीप निघाली तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनी, खिडकीतून हात घालून माझी कॉलर सरळ केली. "तिकडं बी कोर्ट असंलच की," ते म्हणाले. शिरूरच्या कोर्टात माझी वकिली नुकती कुठं जम धरत होती. पुढच्या पंचायत समितीला उभे राहा, असं लोक म्हणू लागले होते. पण माझ्या बायकोला, सुनीताला, अमेरिकेत ओहायोतल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही निघालो.

कोर्ट होतंच. माझी सनद तिथं चालत नव्हती. मी वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायला लागलो.

तिथं आम्ही घेतलेल्या घराचे कागद डेव्ह नावाच्या वकिलानं केले. माझ्याच वयाचा. ऑफिस बापाच्या, हॅरीच्या, हार्डवेअर दुकानाच्या वरच. मीही वकील होतो हे कळल्यावर तो खुर्चीतून उठला आणि त्यानं माझा हात हातात घेतला. मला त्याचाही राग आला.

पुढं तो स्टेटच्या विधानसभेच्या निवडणुकीला उभा राहिला. पायी दारोदार हिंडायचा. दार उघडलं की म्हातारी माणसं म्हणायची, "तू हॅरीचा ना?" मी पोर्चमधून बघायचो आणि जळायचो. हुशारीत तो माझ्यापेक्षा काही जास्त नव्हता. त्याला गाव सोडावं लागलं नव्हतं, एवढंच.

माझ्या दारी आला तेव्हा मी तुटकपणे म्हणालो, "मी सिटिझन नाही. मला मत नाही."

"माहितीये. परवाच्या सभेत तू होतास. माझं भाषण कसं होतं, ते वकील म्हणून सांग."

"लांबतं. शिरूरला लोक चहाला उठून गेले असते."

तो खळखळून हसला. भाषण त्यानं खरंच आखूड केलं. निवडूनही आला. विजयाच्या समारंभाला फायर स्टेशनच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून हॅरी रडत होता. मी टाळ्या वाजवल्या आणि केक न खाताच घरी आलो.

फोनकार्ड काढून न्हावऱ्याला फोन लावला.

"आबा, इथला एक वकील आमदार झाला."

"व्हय? आरं, आपला संजू बी ग्रामपंचायतीला उभा हाय. लोक म्हंत्यात, वकीलसाहेबाचा भाऊ हाय, द्या मत."

संजू माझा धाकटा भाऊ. मला आनंद व्हायला हवा होता. मला त्याचाही हेवा वाटला, डेव्हपेक्षा जास्त.

आता कुणी घर कुठलं विचारलं, तर मी न्हावरंच सांगतो. तिथं अजून माझं नाव सांगून भाऊ मतं मागतो, आणि लोक देतात.