परीक्षक कोणत्या पक्षाचा

माझा नवरा आणि त्याचा सगळ्यात जवळचा मित्र यांचं भांडण झालं ते कॅनडातल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांवरून. दोघांपैकी कोणीही कॅनडा पाहिलेला नव्हता.

आम्ही तेव्हा ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये राहत होतो आणि मित्र दोन गल्ल्या सोडून. नवरा चिंचवडचा, मित्र डोंबिवलीचा, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. मित्राला मी गमतीने भावजी म्हणायला लागले आणि तेच कायम झालं. न्यूझीलंडमध्ये नागरिक नसलात तरी कायम राहण्याचा परवाना मिळाला की मत देता येतं. ते मत मिळालं आणि दोघांच्या अंगात आलं. इथे दोन मोठे पक्ष, एक लाल रंगाचा, कामगारांचा, म्हणजे डावा, आणि एक निळ्या रंगाचा, म्हणजे उजवा. नवरा निळा झाला, भावजी लाल. दोघांनी मराठीत ब्लॉग काढले. नवऱ्याच्या ब्लॉगला खात्रीचे वाचक तीन होते: मी, टोरांटोला राहणारी माझी नणंद आणि भावजी.

नणंद तिकडे एका वकिलाच्या ऑफिसात कामाला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. तिकडेही लाल आणि निळेच. एका रविवारी तिने सांगितलं की नवे न्यायाधीश नेमलेत, त्यातले एक सत्तेतल्या लाल पक्षासाठी वर्षानुवर्षं देणग्या गोळा करत होते. फोन ठेवल्या ठेवल्या नवरा कॉम्प्युटरपाशी बसला. ‘न्यायदेवतेच्या गळ्यात पक्षाचा पट्टा’ असा लेख आला. त्याखाली भावजींनी लिहिलं, “पक्षाचं काम केलं म्हणून माणसाला कायदा कळत नाही असं थोडंच आहे. गुणवत्ता पाहा.”

पुढे कॅनडात सरकार बदललं, निळे आले. नणंद तीच, ऑफिस तेच, आणि बातमीही जवळपास तीच. फक्त या वेळचे न्यायाधीश निळ्यांकडून पूर्वी निवडणूक लढवून पडलेले. आता लेख भावजींनी लिहिला आणि खाली नवऱ्याने टाकलं, “गुणवत्ता पाहा.”

“अरे, हे वाक्य त्यांचंच आहे,” मी म्हटलं.

“संदर्भ वेगळा आहे,” नवरा म्हणाला.

इथवर ठीक होतं. पण मग नवऱ्याच्या ब्लॉगवर ‘एक तटस्थ वाचक’ या नावाने कोणीतरी लिहायला लागलं. हा वाचक फारच तटस्थ होता. नवऱ्याला त्याने आधी भाबडा म्हटलं, मग भाट, आणि शेवटी विकला गेलेला. नवरा स्क्रीनकडे बघत बसला आणि म्हणाला, “हा तोच आहे. ‘निवडणूक’मधला णू ऱ्हस्व लिहिलाय बघ. या देशात असं लिहिणारा एकच माणूस आहे.”

त्याने फोन करून विचारलं. भावजींनी आधी नाही म्हटलं आणि नंतर म्हणाले की शुद्धलेखन हा उच्चभ्रूंचा कावा आहे. तेव्हापासून बोलणं बंद.

भावजी आमच्या मराठी मंडळाच्या मासिकाचे संपादक होते. पुढच्या अंकात वर्षा सहलीचे, म्हणजे इथे बारमाही पाऊस म्हणून कुठलीही सहल वर्षा सहलच, फोटो आले. नवरा ग्रुप फोटोत मधोमध उभा होता. छापलेल्या फोटोत त्याचं फक्त कोपर होतं.

“हीच ती पक्षपाती प्रसारमाध्यमं,” नवरा म्हणाला. ते कोपर त्याने स्कॅन करून ब्लॉगवर लावलं.

त्या वर्षी इथली निवडणूक दिवाळीला अगदी चिकटून आली होती. मंडळाने दिवाळीसाठी फक्त पुरुषांची चकली स्पर्धा ठरवली. दोघांनीही नावं दिली. मग अध्यक्षांचा मला फोन आला, “वहिनी, परीक्षक तुम्ही शोधा. तुम्हाला राजकारणात रस नाही, म्हणून तुमच्यावर कोणाचा आक्षेप नाही.”

मी आधी पापाटोएटोच्या एका दातांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांच्या दवाखान्याच्या कुंपणावर लाल पक्षाचा बोर्ड आहे, हे नवऱ्याने दुसऱ्या दिवशी फोटोसकट ब्लॉगवर टाकलं. मग इथल्याच हॅमिल्टन गावचे एक प्राध्यापक सुचले. त्यांनी पेपरात कर कमी करावेत असं, निळ्यांच्या सुरातलं पत्र लिहिलं होतं, ते भावजींनी शोधून काढलं. शेवटी मी डबे करून देणाऱ्या एका बाईंना गाठलं. त्यांनी दोन्ही पक्षांच्या सभांना समोसे पुरवले होते. मला वाटलं याहून तटस्थ काय असणार. दोघांनीही लिहिलं की बाईंना तत्त्व म्हणून काही नाहीच.

“तुम्हा दोघांना नक्की कसा माणूस हवाय?” मी नवऱ्याला विचारलं.

“ज्याचा पक्ष नाही असा.”

“आणि तसा नाही मिळाला तर?”

तो जरा घुटमळला. “तर निदान समंजस असावा,” म्हणाला. समंजस म्हणजे कोणत्या रंगाचा ते मी विचारलं नाही.

आमच्या शेजारी एक गोऱ्या आजी राहायच्या, एकट्याच. आमची मुलगी त्यांना इथल्या पद्धतीने नॅना म्हणायची. चिंचवडला फोनवर सासूबाईंना ते ‘नाना’ ऐकू यायचं, आणि शेजारचे नाना सारखे फ्रॉक घालतात हे त्यांना बरीच वर्षं कोड्यात टाकणारं होतं. या आजी गावोगावच्या शेतकी प्रदर्शनांत जॅम, लोणची आणि केकच्या परीक्षक म्हणून जायच्या. मी कुंपणावरून विचारलं. त्या म्हणाल्या, “स्वीट ॲज,” म्हणजे इथल्या बोलीत ‘मस्त, चालेल’. “पण चांगली चकली कशी असते ते आधी मला शिकव.”

तीन दुपारी मी त्यांना चकल्या तळून खायला घातल्या. मऊ पडलेली, तेल प्यायलेली, आत कच्ची राहिलेली, अशा मुद्दाम बिघडवून दाखवल्या. त्यांनी मराठी शब्द एकच शिकून घेतला: काटा. “हिला काटा नाही,” असं त्या इतकं ठसक्यात म्हणायच्या की माझ्या आईची आठवण यावी.

स्पर्धा पापाटोएटोच्या एका हॉलमध्ये झाली. बशांवर नावं नव्हती, नंबर होते. आजी प्रत्येक चकली कानाजवळ मोडायच्या, आत बघायच्या, खायच्या, मग पाण्याचा घोट घ्यायच्या. स्पर्धक भिंतीशी ओळीने उभे होते आणि वकील नसलेल्या आरोपींसारखे दिसत होते. नवऱ्याने महिनाभर घर तेलकट केलं होतं, पण फळ मिळालं. पहिला नंबर त्याचा आला. भावजी चौथे आले. स्पर्धक सहा होते.

दुसऱ्या दिवशी भावजींच्या ब्लॉगवर ‘लिंबांचा न्याय’ हा लेख आला. परीक्षक विजेत्याच्या शेजारीण आहेत, कुंपणावरून लिंबांची देवाणघेवाण चालते, आणि बाई निळ्यांच्या हस्तक असल्याचं खात्रीलायक समजतं. नवऱ्याने उत्तर दिलं की या बाईंइतका निःपक्ष माणूस न्यूझीलंडमध्ये नाही आणि सरकारने सगळे न्यायाधीश अशाच पद्धतीने नेमावेत.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी आजींनी दार वाजवलं. “किया ओरा,” त्यांनी इथल्या माओरी पद्धतीने नमस्कार केला. “तुझा नवरा मोकळा आहे का? पुढच्या अंगणात एक बोर्ड उभा करायचाय, खांब माझ्याने ठोकला जात नाही.”

विजेता हातोडा घेऊन उत्साहाने गेला. बोर्ड गॅरेजला पालथा टेकवून ठेवला होता. त्याने तो उलटवला आणि तसाच धरून उभा राहिला. बोर्ड लाल होता, वर लाल पक्षाच्या उमेदवाराचा हसरा चेहरा.

“तुम्ही लाल?” त्याने विचारलं.

“माझे वडील बंदरावर हमाली करायचे. मी दुसरी काय असणार?” आजी म्हणाल्या. “तुझ्या गाडीवरचा निळा स्टिकर मी रोज बघते. दिसायला वाईट आहे.”

“मग मला पहिला नंबर?”

“बशीवर नंबर होता. आणि नाव असतं तरी काय, चकली कुरकुरीत होती. धर तो खांब नीट.”

मी घरात आले आणि भावजींच्या बायकोला फोन केला. भावजी लगेच आले, घाईत पायात दोन वेगळ्या जोड्यांचे जँडल्स, म्हणजे आपल्या स्लिपर. फाटकातच थांबले. समोर आपल्या पक्षाचा बोर्ड, तो धरून उभा असलेला आपला शत्रू आणि शेजारी ज्यांना आपण निळ्यांची हस्तक ठरवलं त्या बाई. आजींना ब्लॉग वाचता येत नव्हता, म्हणून त्यांनी भावजींचं प्रेमाने स्वागत केलं. “चौथा नंबर ना तू? ये. तुझं तेल थंड होतं.”

भावजींनी हातोडा घेतला. नवऱ्याने खांब धरला. चार-पाच घाव झाल्यावर भावजी मागे सरकून बघत म्हणाले, “डावीकडे झुकलाय.”

“तो झुकणारच,” नवरा म्हणाला.

कित्येक महिन्यांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. भावजींनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग नवराही हसायला लागला आणि खांब आणखी झुकला. आजींना विनोद कळला नाही. त्यांनी दोघांना तो पुन्हा उपटून सरळ लावायला लावला.

भावजींनी संध्याकाळी ‘लिंबांचा न्याय’ काढून टाकला. नवऱ्याने कोपर मात्र ठेवलं. ते चांगलं आलंय म्हणाला. मतदानाच्या दिवशी एकही बोर्ड दिसता कामा नये असा इथला कायदा आहे, म्हणून आदल्या दिवशी दोघांनी मिळून तो बोर्ड उतरवून दिला. निवडणूक निळ्यांनी जिंकली. आजी दोन दिवस कुंपणापाशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवीभर लिंबं घेऊन आल्या आणि नवऱ्याचं अभिनंदन केलं, पण त्याच्या तोंडाकडे न बघता.

पुढच्या दिवाळीत त्यांनी परीक्षक व्हायला साफ नकार दिला. त्यांना स्वतःच स्पर्धेत उतरायचं होतं. ‘फक्त पुरुषांसाठी’ हा नियम बदलावा म्हणून मंडळाकडे अर्ज गेला. त्यावर सह्या दोन होत्या, एक नवऱ्याची आणि एक भावजींची. नियम बदलला. हॅमिल्टनचे प्राध्यापक परीक्षक म्हणून आले आणि आजींना तिसरा नंबर दिला. घरी येताना गाडीत मी म्हटलं, तुमच्यावर अन्याय झाला. त्या म्हणाल्या, “छे. पीठ घट्ट झालं होतं माझं.”