र रझियाचा

सत्यभामाबाई तापट होत्या. लहानपणी निजामाच्या उर्दू शाळेत अलिफ-बे चुकलं की छडी बसायची आणि घरची मराठी तोंडातून निघाली की आणखी एक. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं आणि काही वर्षांनी मराठी शाळा निघाल्या, तेव्हा हुलसूरजवळच्या एका खेड्यात त्या पहिलीच्या वर्गावर आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, "आपला देश कोणता?"

"सोलापूर," वृंदा म्हणाली. "आमची आत्या देशात दिलीय."

सोलापूरकडच्या मुलखाला तिथं सगळे देशच म्हणत. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. निजाम जाऊन वर्षं लोटली, तरी या पोरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. शाळेसाठी आलेल्या छापील अक्षरतक्त्यावर जहाज होतं, शहामृग होतं. बाईंनी तो गुंडाळून कोपऱ्यात टाकला, गेरू कालवला आणि भिंतीवर लिहायला घेतलं. आधी आसपासची गावं: भ भालकीचा. ह हुलसूरचा. क कमठाण्याचा. मग ग गोदावरीचा, द दिल्लीचा. देशात माणसंही असतात, म्हणून उरलेली अक्षरं त्यांनी पोरांना वाटून दिली. व वृंदाला गेला, र रझियाला. रझियाचा बाप पोलीस ॲक्शननंतरच्या मारहाणीत गेला होता. आई गोधड्या शिवून घर चालवायची.

सोमवारी बाईंनी शाळा उघडली, तर र च्या जागी चुन्याचा ओला फटकारा होता. बाकी अक्षरं जशीच्या तशी.

हे काम कुणाचं, ते विचारावं लागलं नाही. वृंदाचे आजोबा राघोबा पाटील ओट्यावर माणसं घेऊन बसले होते. बाई थेट तिथं जाऊन उभ्या राहिल्या.

"भिंत कामून पुसलाव?"

"बसा की बाई. आता राज्य आपलं झालंय. त्यात त्यांची नावं कशाला?"

"त्यांची म्हंजे कुणाची?"

"निजामाच्या रझाकारांनी आमच्या गंजी जाळल्या. इसरलाव?"

"माझा भाऊ गेला त्यांच्या मारानं!" बाईंचा आवाज चिरकला. "मी कशी इसरंन? पर ही पोरगी तवा पाळण्यात होती. तिनं कुणाची गंज जाळली? आन् तिच्या बापाला मारलं, ते कोन होते, सांगू का हितं, चारचौघांत?"

ओट्यावरचे दोघे उठून घराच्या वाटेला लागले. राघोबा सावकाश म्हणाले, "बाई, बदली होईल."

"होऊ द्या."

त्यांनी परत येऊन र पहिल्यापेक्षा मोठा काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पुसलेला होता. बाईंनी पुन्हा काढला. हे चाललं असताना रझिया शाळेत यायची थांबली.

बाई तिच्या घरी गेल्या त्या तणतणतच. "पोरीला घरी कामून ठेवलीस? मी गावाशी भांडायलेय, आन् तू दार लावून बसलीस?"

रझियाच्या आईनं हातातली गोधडी बाजूला सारली. "बाई, तुम भांडतीं, पन रहना तो मेरेकू है इस गाँव में. दीवार पे नक्को उसका नाम. रोज सब लोगां देखतैं."

भिंत बाईंची होती, भीती या आईची होती, आणि नाव लिहू का, हे बाईंनी तिला एकदाही विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

"पाटीवर चालंल का?" त्यांनी विचारलं.

आईनं होकारार्थी मान हलवली.

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई रझियाच्या घरी जायच्या. भिंतीवरचा पुसला गेलेला र त्यांनी पुन्हा लिहिला नाही. मात्र तिथं कुणाला दुसरा शब्दही लिहू दिला नाही. रझिया त्यांच्याकडून भालकी, हुलसूर, गोदावरी, दिल्ली लिहायला शिकली, आणि मग स्वतःचं नाव.

दिवाळीच्या आधी बदलीचा हुकूम आला: औरादकडचं गाव. निघताना राघोबा फाट्यावर भेटले. "रागावू नका बाई," म्हणाले.

"रागावणारच," बाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

औरादकडच्या शाळेतही तक्ता होताच, जहाजाचा. बाईंनी गेरू मागवला. लिहिण्याआधी मात्र त्या घरोघर फिरल्या आणि प्रत्येक आईला विचारलं, "तुमच्या लेकराचं नाव भिंतीवर लिहू का?"