गुरुजींच्या वहीवरची धाड

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मग थोडी लाज वाटते. सिल्वासाला माझ्या पोलिसातल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती. एका सकाळी तिथल्याच आमली भागात राहणारे एक निवृत्त मराठीचे शिक्षक ठाण्यात आले. मूळचे कोकणातले, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. शेअर रिक्षात त्यांची कापडी पिशवी गेली होती.

"पिशवीत काय होतं?" मी विचारलं.

"वही. गूढ शब्दकोड्यांची. मी स्वतः रचलेली."

ठाणे अंमलदार गालातल्या गालात हसला. मी तरी काय कमी? म्हटलं, "गुरुजी, नवी वही घ्या की!"

त्यांचा चेहरा पडला. "साहेब, वीस वर्षांचं काम आहे ते. दुसरी प्रत नाही. वही गेली तर मी काही केलंच नाही असं होईल."

स्टेशन डायरीत नोंद केली आणि, खरं सांगतो, विसरून गेलो.

दहा दिवसांनी सायली गावातल्या, कारखान्याजवळच्या एका चहावाल्याने खबर दिली. गुजराती माणूस, मराठी त्याच्या पद्धतीची. "साहेब, जेवणाच्या सुट्टीत एक जण चोपडी काढते. चोपडीत चौकटी, चौकटीत आकडा. दहा-बारा जण डोकं घालून बसते. नक्की मटका छे."

मी आणि हवालदार साध्या कपड्यांत गेलो. कारखान्यामागच्या शेडमध्ये घोळका होताच. हवालदाराने वहीवर झडप घातली. आकडा लावणारा माणूस पोलीस दिसला की पळतो. इथे कोणी हललं नाही, उलट चिडले! एक जण ओरडला, "थांबा ना राव, आत्ता सुटत होतं!" तिथेच मला कळायला हवं होतं. पण अंगात साहेबी. पंचनाम्याचे कागद काढले, वहीचं पहिलं पान उघडलं आणि पाहतो तर काय, गुरुजींचं नाव आणि आमलीचा पत्ता.

वही ज्याच्या हातात होती तो धुळ्याकडचा मशीन ऑपरेटर. त्याला ठाण्यात आणून मी आवाज चढवला. "नाव-पत्ता धडधडीत लिहिलाय. परत का नाही केलीस?"

"रिक्षात सापडली साहेब, चोरली नई. देणारच होतो. पण कोड्यातली एक सूचना सोडवायची राहून गेली ना. बाकी सगळ्या सुटल्या."

"म्हणून दहा दिवस?"

"मग! अर्ध्यात सोडून झोप लागते का माणसाला?"

तीस वर्षांत असा कबुलीजबाब ऐकला नव्हता. थापा मारत असेल म्हणून म्हटलं, "दाखव." अकरा आडवा. सूचना होती, 'काल वणव्यात दडलेलं मीठ', अक्षरं तीन.

"वणव्यात मीठ कुठून आलं?" मी विचारलं.

तो हसला. "अर्थाच्या मागे लागू नका साहेब, अर्थ चकवतो. अक्षरं बघा." त्याने बोट ठेवलं. 'काल'मधला ल, 'वणव्यात'मधले व आणि ण. लवण! म्हणजे मीठच की! अहाहा! वाक्य तोंडावर थापा मारत होतं आणि पुरावा त्याच्याच पोटात होता. असे संशयित मी आयुष्यभर तपासले, पण इतकी मजा कधी आली नव्हती.

"सुटलं की मग," मी म्हणालो.

"तिथंच तर अडलंय. मधल्या चौकटीत उभ्या शब्दाचा म येतो. लवणमध्ये म कुठे?" लिहून-खोडून त्याने कागदाला भोक पाडलं होतं. मी पेन्सिल घेतली. हवालदारही वाकला. चहा निवून गेला, चौकट काही भरेना.

"गुरुजीच चुकले असतील," हवालदार पुटपुटला.

ऑपरेटर भडकला. "गुरुजी कसे चुकतील?"

गुरुजींना बोलावून घेतलं. आल्या आल्या त्यांनी वही छातीशी धरली. मग उघडली आणि बघतच राहिले. रिकाम्या ठेवलेल्या चौकटी पानोपानी भरलेल्या, दहा-बारा जणांच्या अक्षरांत. "हे कोणी सोडवलं?"

ऑपरेटर उभा राहिला. "माफ करा गुरुजी. पण तो अकरा आडवा..."

गुरुजींनी चष्मा पुसला, पानावर वाकले. "अरे देवा! हा कोपरा मी मागाहून बदलला. लवण काढून कमळ घातलं आणि सूचना जुनीच राहिली!" आणि चक्क टाळ्या वाजवायला लागले. "सापडली! माझी चूक सापडली! वीस वर्षांत एकाने काढली नाही. काढणार कशी? सोडवायला कोणी बसलंच नव्हतं!" त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, लपवत नाही.

वही मिळाली, तक्रार नाही, असा जबाब लिहून त्यांनी सही केली. मग तीच वही ऑपरेटरच्या हातात ठेवली. "न्या. अजून चुका असतील, शोधा."

"आधी झेरॉक्स काढा!" मी ओरडलो. पोलीस तो पोलीसच.

हरवलेली वस्तू शोधायला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला नेमकं काय हवंय ते आधी विचारावं, एवढं मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. गुरुजींना वही हवी होती, त्याहून जास्त ती सोडवणारं कोणीतरी हवं होतं. आणि मी म्हणे नवी वही घ्या!

आता मीही कोडी सोडवतो. एकेका सूचनेपायी दिवस जातो, बायको कावते. गेल्या रविवारी गुरुजींच्या नव्या कोड्यात मला चूक सापडली. फोनवर सांगायची गोष्ट नव्हे ती. जेवण तसंच टाकून मी स्कूटर काढली आणि आमली गाठली.