बाळंतिणीच्या खोलीतला वास

बाळंतिणीला वारा लागला की जन्माची दुखणी, यावर आमच्या आईची देवापेक्षा जास्त श्रद्धा. मी पहिल्या बाळंतपणाला गोव्यात सर्वणला माहेरी आले, तेव्हा तिने स्वतःची मागची खोली मला दिली. जनेलं, म्हणजे खिडक्या, बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या, कोपऱ्यात निखाऱ्यांवर ओव्याची धुरी. मी खाटेवर, लेक माझ्या कुशीत, आणि आई खाली फरशीवर चटई टाकून.

त्या खोलीला वास होता. गोडसर, थिनरसारखा. मी म्हटलं, "आई, वास येता गो." ती म्हणाली, "बाळंतिणीक सगळ्याचेच वास येतत. गप पड." आमच्या घरात आईचं 'गप पड' म्हणजे कोर्टाचा निकाल.

हे घर बाबांनी जुन्या गॅरेजच्या जागेवर बांधलेलं. खाणी चालू होत्या तेव्हा खनिजाचे ट्रक तिथे दुरुस्तीला यायचे. पार्ट धुतलेलं रसायन मागच्या खड्ड्यात ओतायचे, हे अख्ख्या वाडीला ठाऊक. खाणी बंद पडल्या, गॅरेज गेलं. बाबांनी वर लाल मातीचा भराव घातला, फरशी बसवली आणि जागा स्वस्तात मिळाली म्हणून सगळे खूश! बाबा गेल्यावर आई त्या मागच्या खोलीत झोपायला लागली.

थोड्याच दिवसांत लेक दूध ओढेना. मान टाकून पडायची. माझं डोकं ठणकायचं. आईने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली आणि धुरी वाढवली. बारशाला आम्हाला पुढच्या खोलीत बसवलं, दारं सताड उघडी, तर ही बया पोटभर प्यायली आणि हातपाय झाडायला लागली. परत मागे नेली, परत मलूल. मग मात्र माझं टाळकं सटकलं. लेकीला उचललं आणि धो धो पावसात बाहेरच्या सोप्यावर जाऊन बसले. आई मागून ओरडत आली, "पिशी झालंस काय? पोरीक मारतलंस!"

"तुझी खोली मारता तिका!" मीही ओरडले. शेजारी बघत होते. बघा मेल्यांनो, म्हटलं.

आम्ही मायलेकी पुढच्या खोलीत राहिलो आणि लेक सुधारली. आई मात्र हट्टाने त्याच खोलीत झोपत राहिली. "मी इतकी वर्षां हयच निजतंय, माका काय झाला?" काय झालं होतं? भात शिजेपर्यंत तिला उभं राहवत नव्हतं. काही लागलं नसताना हातापायांवर काळे-निळे डाग उठत होते. विचारलं की म्हणायची, "वय झाला." आणि आम्हीही ते खरं मानलं.

शेवटी भावाने पणजीहून घरातली हवा तपासणारा माणूस आणला. त्याने फरशीला भोक पाडून नळी घातली, यंत्राकडे पाहिलं आणि आधी उठून जनेलं उघडली. जमिनीत मुरलेल्या रसायनाची वाफ होते, म्हणाला, आणि फरशीच्या फटींतून वर येते. खोली बंद आणि गरम असली की ती जास्तच ओढली जाते. आईने कोपऱ्यातल्या धुरीच्या शेगडीकडे पाहिलं. "माझ्याच हातान?" एवढंच म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

मग फटी बुजवल्या, फरशीखालून पाइप काढून छपराच्या वर नेला आणि त्याला पंखा लावला. तो दिवसरात्र घुरघुरत खालची हवा बाहेर फेकतो. वास गेला. पण तोवर आईच्या अंगात रक्तच तयार होईनासं झालं होतं. खोलीमुळेच का, असं डॉक्टरांना विचारलं. नक्की सांगता येणार नाही, म्हणाले. मला नक्की माहीत आहे, पण मला कोण विचारतंय!

शेवटचे दिवस ती इस्पितळात होती, काचेच्या वेगळ्या खोलीत. तिला बाहेरचे जंतू लागू नयेत म्हणून सगळं घट्ट बंद. मी मास्क लावून शेजारी बसले होते. तिने माझा हात धरला.

"गो, जनेल उघड. वारो येऊ दी."

मी उठले आणि काच चाचपत राहिले. तिला कडीच नव्हती.