स्वर्गवासींचं एक वाक्य

युनिटमध्ये त्यांना सगळे ‘स्वर्गवासी’ म्हणत. “स्वर्गवासींचा चहा झाला का?” असं कुणी ओरडलं की नवा माणूस दचकायचा. एकवीस वर्षं त्यांनी गुन्हेपटांत मुडद्यांची कामं केली होती. नाल्यात, गोदामात, मोटारीच्या डिकीत आणि एकदा गालिच्यात गुंडाळून. धंद्याचा नियम एकच. ‘अ‍ॅक्शन’ ऐकलं की श्वास बंद, ‘कट’ म्हटलं की चालू. पावणेदोन मिनिटं ते आरामात मरून राहत. कॅमेऱ्यासमोर बोलायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं बायकोची नजर गेली, आणि नवऱ्याचा सिनेमा तिच्या लेखी संपला. बघता येत नाही, आणि ऐकण्यासारखं त्यात काही नाही.

मग एका शोकांत चित्रपटासाठी दिग्दर्शकानं त्यांना बापाचं काम दिलं. शवागारात मुलाचा देह ओळखायचा आणि म्हणायचं, “हा माझाच मुलगा. पाय झाका त्याचे, उघडे पडलेत.”

चार दिवस घरात तालीम चालली.

“अहो, वाण्याकडे साबण मागितल्यासारखं काय बोलताय? मुलगा गेलाय तुमचा.”

“बरं बाई. दिग्दर्शन तूच कर.”

“केलंच असतं. पहिल्या दिवशी तुम्हाला काढलं असतं.” मग म्हणाली, “थिएटरात न्याल ना मला? आवाज ओळखेन मी.”

चित्रीकरणाच्या दिवशी टेबलावरचा मुडदा नवशिका निघाला. त्याचं पोट हलायचं. सकाळभर स्वर्गवासींनी त्याला शिकवलं, “शब्द कानावर पडला की छाती कुलूपबंद. विचार करायचा नाही.”

दिग्दर्शक म्हणाला, “अ‍ॅक्शन.”

चादर दूर झाली. स्वर्गवासींनी तोंड उघडलं आणि छाती कुलूपबंद झाली. चेहरा काळानिळा पडला, डोळ्यांतून पाणी आलं, ओठ हलले. शब्द नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तर ते टेबलाची कड धरून खाली बसले.

“कट!” दिग्दर्शक डोळे पुसत आला. “काय केलंत हो हे! हाच शॉट ठेवू. वाक्य काढून टाका.”

“साहेब, आणखी एकदा. येतं मला वाक्य. पाठ आहे.”

“वाक्य काय, कुणीही बोलेल.”

एकवीस वर्षांत पहिल्यांदा युनिटनं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ते घरी आले. बायकोनं विचारलं, “नीट बोललात?” ते म्हणाले, “हं.”

सात महिन्यांनी चित्रपट लागला. बायको ठेवणीतली साडी नेसून, कान टवकारून बसली होती. शवागाराचं दार करकरलं तसा तिनं त्यांचा हात धरला. “हेच ना?”

पडद्यावर बाप गुदमरत होता. थिएटरभर शांतता. तिची बोटं वाट बघत होती.

स्वर्गवासींनी अंधारात श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, “हा माझाच मुलगा. पाय झाका त्याचे, उघडे पडलेत.”

“ओ काका,” मागून कुणीतरी खेकसलं, “गप्प बसा की! सीनची वाट लावली.”

बायकोनं हात सोडला नाही. हळूच म्हणाली, “साबण नाही मागितलात या वेळी.”