पल्लवीचं फिल्डवर्क आणि शांताआजी

समाजकार्य शिकणाऱ्या पोरांना बुरहानपुरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे पाठवायचं काम करते मी. किस्से शोधायला जावं लागत नाही हो, पोरंच दर शनिवारी घेऊन येतात! सगळ्यात जास्त आणले पल्लवीने. धूलकोटची पोर, इथे खोली करून एकटी राहायची. गेल्या वर्षी फिल्डवर्कात नापास. यंदाही उडाली तर बाबा शिक्षण बंद करून घरी बसवणार होते.

*

वर्गात आम्ही म्हातारपणाची रंगीत तालीम घेतो. कानात कापूस, चष्म्याला तेल, चपलेत हरभरे, आणि चालायचं! पल्लवी फाटकाबाहेर गेली. पंच्याहत्तरीच्या एका बाईंनी हात धरून तिला रस्ता पार करून दिला. वर हळहळल्या, "अरेरे, इतक्या कमी उमरीत!"

त्याच शांताआजी. लोधीपुऱ्यात एकट्या राहतात. पल्लवी नाचतच आली, "मॅडम, केस मिळाली!"

*

फॉर्मवर प्रश्न होता, "तुम्हाला एकटं वाटतं का?"

आजींनी उलट विचारलं, "आणि तुला गं?"

पल्लवीने डायरीत लिहिलं, "क्लायंट सहकार्य करत नाही."

*

मग तोल तपासायची टेस्ट. एका पायावर दहा सेकंद. आजी उभ्या राहिल्या, तेही हातात दुधाचं पातेलं घेऊन! पल्लवी कसं उभं राहायचं ते दाखवायला गेली आणि धपकन केळ्यांच्या टोपलीत बसली.

शनिवारी मला विचारते, "मॅडम, पडण्याचा धोका कोणाच्या नावावर लिहू?"

मी कपाळावर हात मारला.

*

आमचा कडक नियम, क्लायंटकडे खायचं नाही. पल्लवीने तो आजींना सांगितला.

"बरं," आजी म्हणाल्या, "मग तुझ्या मॅडमचाही डबा भरते."

ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत! नियम गेला चुलीत. पल्लवीने आणि मी मिळून डबा चाटूनपुसून खाल्ला.

*

परीक्षेला बाहेरून साहेब आले. चेहरा असा की माशी बसायला घाबरेल. थेट आजींच्या ओट्यावर.

"ही मुलगी तुमच्यासाठी काय करते?"

"माझ्यासाठी?" आजी म्हणाल्या. "अहो साहेब, आली तेव्हा रोज रडायची. नापास होईन म्हणून धड जेवायची नाही. आता दोन भाकरी खाते, हसते, भांडतेसुद्धा माझ्याशी. चांगला फरक पडलाय. अजून थोडे दिवस पाठवा, पूरी बरी होईल."

पल्लवीने डोळे मिटले. मी मनात म्हटलं, गेलं हेही वर्ष.

साहेबांनी बॅगेतून मार्कांचा कागद काढला आणि पेनासकट आजींच्याच पुढे धरला.

आजींनी पदराने चष्मा पुसला.

"कितीपैकी द्यायचेत?"