माफीची प्रत

तुम्ही शेवटची जाहीर माफी मागितली, ती आज कुठे सापडेल?

आमच्या घरी ती सापडली नाही. हे कळायला आधी एक वेबसाइट बुडावी लागली.

आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहतो. बाबा शाळेत मास्तर होते, पण त्यांचा जीव पत्रकांत. तुंबलेली नाली, कायम कुलूपबंद असलेलं वाचनालय, शाळेनं सक्तीनं विकलेल्या वह्या, काहीही खटकलं की ते शहराच्या जुन्या महाल भागातल्या एका छोट्या छापखान्यात जायचे आणि पिवळ्या कागदांचा गठ्ठा घेऊन यायचे. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. 'निषेध' मला 'निळा'च्या आधी लिहिता येत होता. घड्या घालायचं काम आईचं आणि माझं. वाटून झालं की एक प्रत भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेल्या तारेत ओवायची. ती घरची प्रत.

कॉलेजात असताना मी ती सगळी पत्रकं टाइप करून वेबसाइटवर चढवली. बाबा तिला 'आपली मोठी तार' म्हणायचे.

गेल्या महिन्यात एका रविवारी ती उघडली तर आत जुगाराच्या जाहिराती. कोणीतरी घुसलं होतं. माझं डोकं फिरलं. बाबांच्या शब्दांच्या जागी पत्त्यांची पानं नाचताना पाहून मी एका दमात तिथलं सगळं पुसून टाकलं. मग आठवलं की बॅकअपच्या फाइलीही मी तिथेच ठेवल्या होत्या. कुलूप लावून दुसरी किल्ली घरातच विसरावी, तसं.

कपाटात एक पेन ड्राइव्ह होता. त्यात दोन दिवाळ्यांपूर्वीचा बॅकअप निघाला: मजकुराची एक फाइल, फोटोंची एक. कधी उघडून पाहिला नव्हता. 'आहे' एवढ्यावर समाधान. फाइली चढवल्या, तर मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं.

बाबा मागे येऊन उभे राहिले. "काय करून राहिली वं? हे तर सारे प्रश्नच दिसून राहिले. आपण इतके प्रश्न कधी विचारले?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विचारले नं. उत्तरं आली नाहीत."

एक सेटिंग बदललं आणि अक्षरं परत आली. बाबांनी खुर्ची ओढली आणि आपलीच पत्रकं जेवणाची वेळ होईपर्यंत मोठ्यानं वाचली. मी खूश.

दुपारी फोन वाजला. पलीकडे आमच्या भागाचे जुने वॉल्ववाले काका, म्हणजे पूर्वी रोज पाण्याचा वॉल्व फिरवून गल्लीगल्लीला पाणी सोडणारे.

"काहून वं पोरी, मी पुन्हा चोर झालो काय?"

मला काही कळेना.

"टपरीवर दोस्ताले तुमची माफी दाखवाले मोबाइल काढला. माफी गायब, अन् 'पाणीचोर कोण?' तसंच टांगलेलं. तो मले पाहून हसून राहिला."

आता मला उलगडलं. कधीकाळी आमच्या गल्लीत पाणी येईना, तेव्हा बाबांनी पत्रक काढलं होतं की हा माणूस बंगल्यांसाठी आमचं पाणी चोरतो. पुढे रस्ता खोदला, तर खालचा पाइपच फुटलेला. बाबांनी तितक्याच प्रतींत माफी छापली आणि त्याच दारांवर वाटली. वेबसाइटवर मात्र ती मी बरीच उशिरा घातली होती, घर सोडून जाणाऱ्या शेजाऱ्यांनी दाखवलेल्या प्रतीवरून, पेन ड्राइव्हमधल्या बॅकअपच्या नंतर.

ते पान मी तात्पुरतं बंद केलं आणि तारेकडे धावले. आरोप सापडला. माफी नव्हती.

"तिची प्रत मी ठेवलीच नाही," बाबा म्हणाले. "आरोप घरी ठेवाचा, कोणी जाब विचारला तर दाखवता आला पाहिजे. माफी घरात ठेवाची नसते, वाटून टाकाची असते."

"मग ते पत्रकच काढून टाकते."

"अन् आपण कधी चुकलोच नाही, असं लोकायले दाखवू काय?"

"तर नवीन माफी लिहा."

"ते आजचं होईल. त्याले जे दिलं होतं, तेच पाहिजे. ते त्याच्यापाशीच असंल."

इतका हट्टी माणूस, आणि त्या क्षणी मला तो फार आवडला. दोघं स्कूटरवर बसून महालात गेलो. काकांच्या दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या वर, प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलेला पिवळा कागद लटकत होता.

"मास्तर, तुमच्या तारेपेक्षा माझं प्लास्टिक बरं," काका म्हणाले. बाबा मान खाली घालून हसले.

कागद काही काकांनी माझ्या हाती दिला नाही. ओळींवर बोट ठेवत ते वाचत गेले, मी मोबाइलवर टाइप करत गेले. 'आम्ही न तपासता लिहिलं' या ओळीशी माझा अंगठा अडला. बॅकअप मी तरी कुठे तपासला होता?

"थांबली काहून? पुढं अजून आहे."

पुढे बाबांची सही होती. माफी आरोपाच्या वर चढवली, पान पुन्हा सुरू केलं. काकांनी स्वतःच्या मोबाइलवर उघडून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा कुठे काकूंनी चहा आणला. निघताना बाबांनी त्या कागदाचा एक फोटो मागून घेतला. छापून आता तो तारेत ओवलाय. तारेतली पहिली माफी.

म्हणून आज एवढं करा: तुमचा बॅकअप जिथे असेल तिथून काढा आणि उघडा. फाइल आहे एवढं पाहून बंद करू नका, आत वाचा. आणि तुम्ही कोणाची माफी मागितली असेल, तर ती त्यात आहे का, ते सगळ्यांत आधी बघा.